हवा सर्वांची, भार कोणाचा?



शहराच्या हवेविषयी चार माणसे बोलू लागली म्हणजे बोलणे बहुधा एकाच ठिकाणी येऊन थांबते. "ज्याने त्याने आपली जबाबदारी ओळखावी," असे कोणीतरी म्हणतो आणि सारे माना डोलावतात. आम्हीही पुष्कळदा डोलावली आहे. परंतु ही जबाबदारी प्रत्यक्ष वाटली गेली तेव्हा कोणाच्या वाट्याला किती आली, हे पाहावयाचे तर दिल्लीचा गेल्या चाळीस वर्षांचा इतिहास चाळावा लागतो.

१९८५ साली एम. सी. मेहता या वकिलांनी दिल्लीच्या हवेचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. न्यायालयाने ८ जुलै १९९६ रोजी १६८ धोकादायक कारखाने ३० नोव्हेंबरपासून शहरात बंद करण्याचा हुकूम दिला. कारखाना दुसरीकडे गेला तर कामगाराची नोकरी अखंड धरावी, स्थलांतराबद्दल त्यास एक वर्षाचे वेतन द्यावे, असेही त्यात होते. परंतु निकालातील वाक्य आणि कामगाराच्या हातात पडणारी रक्कम यांत केवढे अंतर असते, ते आमच्या धंद्यातील माणसास सांगावयास नको. पुष्कळांची नोकरी गेली ती गेलीच. नोव्हेंबर २००० मध्ये वस्त्यांतील लहान कारखान्यांवर गदा आली, तेव्हा माणसे रस्त्यावर उतरली. त्यांना धुराचे कैवारी ठरविणे सोपे होते. पण तो धूर सर्वांआधी त्यांच्याच छातीत जात होता.

आता वाहतुकीकडे वळू. २८ जुलै १९९८ रोजी, भुरेलाल समितीच्या शिफारशींवरून, न्यायालयाने इतर गोष्टींबरोबर दोन हुकूम दिले. शहरातील सर्व बसगाड्या ३१ मार्च २००१ पर्यंत सीएनजी वायूवर चालवाव्यात, हा एक. बसगाड्यांची संख्या १ एप्रिल २००१ पर्यंत १०,००० करावी, हा दुसरा.

पहिल्या हुकुमाचा गवगवा देशभर झाला. मुदत संपली तेव्हा वायूच्या गाड्या पुरेशा नव्हत्या आणि एप्रिल २००१ मध्ये थांब्यांवर ताटकळणाऱ्या प्रवाशांचे अतोनात हाल झाले. एप्रिल २००२ मध्ये न्यायालयाने डिझेलच्या बसगाडीस दिवसाला ५०० रुपये दंड लावला. अखेर २००२ साल सरताना शहरातील बसगाड्या वायूवर आल्या. हे यश लहान नव्हे.

दुसरा हुकूम मात्र मुदतीत पुरा झाला नाही, आणि त्याची आठवणही फारशी कोणी काढली नाही. बस स्वच्छ झाली, पण पुरेशी झाली नाही. ज्याला परवडले त्याने स्कूटर घेतली, मोटार घेतली; ज्याला परवडले नाही तो रांगेत उभा राहिला. रस्त्यावर खासगी वाहने वाढतच गेली आणि मिळविलेली स्वच्छ हवा हळूहळू पुन्हा हातची गेली. जानेवारी २०१६ मध्ये पंधरा दिवस सम-विषम क्रमांकांच्या मोटारी दिवसाआड चालविण्याचा प्रयोग झाला. गाडी घरी ठेवणाऱ्याने जावे कशाने, या प्रश्नाचे उत्तर १९९८ च्या त्या दुसऱ्या हुकुमातच होते.

यात आमच्या कामगार संघटनांचाही दोष आहे. पगार आणि बोनस आमचा, हवा मात्र दुसऱ्या कोणाची, असे आम्ही फार काळ धरून चाललो. म्हणून निर्णय झाले तेव्हा कामगाराचे म्हणणे आधी मांडले गेले नाही; ते निकालानंतर, रस्त्यावर मांडावे लागले.

व्यक्तीची जबाबदारी आम्ही नाकारीत नाही. परंतु वेळेवर येणारी, भाडे झेपेल अशी बस नसताना गाडी घेणाऱ्यास बोल लावणे, किंवा पर्यायी काम न देता कामगाराचे काम काढून घेणे, यास आम्ही न्याय म्हणत नाही. आपल्या गावातही यापुढे कोणी जबाबदारीची गोष्ट काढली, तर माना डोलाविण्यापूर्वी एवढे विचारावे : बस कधी येणार, आणि ज्याचे काम जाईल त्याचे काय?