घाटमाथ्यावरची पेठ आणि तिची शाळा

अंबाजोगाईच्या योगेश्वरी शिक्षण संस्थेबद्दल लिहायला बसले की पहिले नाव येते ते स्वामी रामानंद तीर्थांचे. ते यायलाच हवे. पण स्वामीजी १९३५ मध्ये इथे आले तेव्हा इथे आधीच काय होते, हे पाहिल्याशिवाय ही शाळा इथेच का रुजली ते कळत नाही. म्हणून थोडे मागून सुरुवात करतो.

अंबाजोगाई बालाघाटाच्या माथ्यावर आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर. परळी खाली, जेमतेम पंचवीस किलोमीटरवर. गंगथडीचा, म्हणजे गोदाकाठचा, कापूस आणि घाटमाथ्याची ज्वारी, तूर, करडई या दोहोंना जोडणारी ही पेठ. निजामाच्या राज्यात गावाचे नाव मोमिनाबाद, त्याआधीचे जोगाईचे आंबे. हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी इथे होती, आणि छावणी म्हणजे दाणावैरण, कातडीकाम, कापड यांना बारमाही गिऱ्हाईक. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला छावणी उठली, पण पेठ मोडली नाही. मोंढा आणि मंडी बाजार यांच्या जोरावर गाव उभे राहिले. आसपासच्या खेड्यातला माणूस वर आला की एका फेरीत चार कामे उरकतो: माल आडतीवर घालायचा, कोर्टाची तारीख बघायची, डॉक्टर गाठायचा आणि जाता जाता जोगाईचे दर्शन घ्यायचे.

जोगाई म्हणजे योगेश्वरी. कोकणस्थांची ही कुलदेवता सह्याद्री ओलांडून इतक्या आत, दगडाळ मराठवाड्यात कशी, याच्या आख्यायिका पुष्कळ आहेत. परळीच्या वैजनाथाशी तिचे लग्न ठरले होते, मुहूर्त टळला, वऱ्हाड दगडाचे झाले. गावाबाहेरची हत्तीखान्याची लेणी म्हणजे तेच वऱ्हाड, असे सांगतात. लेणी अर्थातच माणसांनी खोदलेली आहेत, पण लग्न मोडल्याची हळहळ गावकऱ्याच्या सांगण्यात अजून ताजी असते. देवीचा मोठा उत्सव मार्गशीर्षात, शुद्ध सप्तमीपासून पौर्णिमेपर्यंत. आणि ती पौर्णिमा म्हणजेच दत्तजयंती, त्यामुळे दत्तभक्त संतकवी दासोपंतांच्या थोरल्या आणि धाकट्या देवघरातली गर्दीही त्याच दिवशी. एकाच तिथीला देवीचा उत्सव संपतो आणि दत्ताचा जन्म होतो. फुलवाले, नारळवाले, बांगड्यावाले यांची दोन्हीकडून चंगळ.

दासोपंतांची पासोडी हा या गावाचा सर्वात विलक्षण ऐवज. दासोपंत १५५१ ते १६१५ या काळातले, गीतेवर सवा लाख ओव्यांचा ‘गीतार्णव’ लिहिणारे. त्यांनी पंचीकरणाचा, म्हणजे पाच महाभूतांतून सृष्टी कशी घडली याचा, विचार कापडावर लिहिला. चोवीस हात लांब, अडीच हात रुंद कापड, आणि त्यावर ओळीच ओळी, मधे आकृत्या. पासोडी हे शेतकऱ्याच्या खांद्यावरचे जाडेभरडे पांघरूण, बाजारात हाताने चाचपून घ्यायचे. पंतांनी वेदान्त त्याच्यावर मांडला. कागद सहज मिळत असताना कापड का निवडले, याची विद्वानांनी बरीच चर्चा केली असेल. मला वाटते, ज्या गावात कापडाची पेठ आहे तिथे हे सुचणे स्वाभाविक आहे.

बाजारगाव, देवस्थान आणि ग्रंथ यांची अशी सांगड दूरवरही दिसते. ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागात चिचिकास्तेनांगो नावाचे माया लोकांचे बाजारगाव आहे. गुरुवारी आणि रविवारी तिथला बाजार भरतो. सांतो तोमासच्या चर्चच्या पायऱ्यांवर माया पुजारी धूप जाळतात आणि त्या पायऱ्यांच्या आसपासच फुलांची विक्री चालते. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्याच फ्रान्सिस्को हिमेनेस या पाद्र्याने किचे माया लोकांचा ‘पोपोल वूह’ हा ग्रंथ उतरवून घेतला. सृष्टीची उत्पत्ती हाच त्याचाही विषय. ती प्रत आज शिकागोच्या एका ग्रंथालयात आहे. अंबाजोगाईची पासोडी मात्र अंबाजोगाईतच राहिली. डोंगरावरच्या बाजारगावात धान्य आणि कापडाबरोबर असे काही टिकते, याचे आश्चर्य वाटायला नको. तिथे माणसांची ये-जा कधी थांबत नाही, आणि जे चार माणसांच्या डोळ्यांसमोर असते ते सहसा हरवत नाही.

पासोडीच्याही आधीचा एक ग्रंथ हे गाव आपला मानते. मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधु’ शके १११०, म्हणजे ११८८ चा. त्यांची समाधी गावाजवळच्या दरीत आहे. ग्रंथात आलेली अंबानगरी म्हणजे विदर्भातले आंभोरा, असे म्हणणारेही आहेत. या वादात अंबाजोगाईकर माघार घेत नाही, आणि मीही त्याला घ्यायला सांगणार नाही.

आता शाळा. १९२१ मध्ये लोहाऱ्याजवळ हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा निघाली होती. १९२९ मध्ये व्यंकटेश खेडगीकर तिथे आले आणि पुढे संन्यास घेऊन स्वामी रामानंद तीर्थ झाले. संस्थानात उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू, खासगी शाळांना परवानगीचे जाच, सभांवर ‘गश्ती निशाण ५३’ या सरकारी परिपत्रकाची टांगती तलवार. हिप्परगा आडवळणाचे खेडे. तिथे माणसे घडली, पण शाळा वाढवायला लागणारा पैसा आणि विद्यार्थी आसपासच्या मोजक्या गावांतून किती येणार? १९३५ मध्ये स्वामीजी आणि त्यांचे सहकारी बाबासाहेब परांजपे मोमिनाबादला आले आणि योगेश्वरी नूतन विद्यालय उभे राहिले. देवीचे नाव शाळेला देणे ही भाविकता होतीच, पण चातुर्यही होते. व्यापारी आणि वकील ज्या नावाला हात जोडतात, त्या नावाने ते वर्गणीही देतात. परगावची मुलेही यायची ती ओळखीच्या वाटेने. ज्या रस्त्याने बापाची गाडी मोंढ्यावर येई त्याच रस्त्याने मुलगा शाळेत आला.

स्वामीजी इथे फार काळ राहिले नाहीत. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर जन्माआधीच बंदी आली, सत्याग्रह झाला, स्वामीजी तुरुंगात गेले आणि मग त्यांचे आयुष्य मुक्तिलढ्याचे झाले. संस्था सांभाळली ती मागे राहिलेल्यांनी. संस्थांच्या इतिहासात संस्थापकाचे तैलचित्र दर्शनी भिंतीवर असते. पगार कसा भागवला, छप्पर कसे शाकारले, इन्स्पेक्टरला काय उत्तर दिले हे मात्र कुणी नोंदवत नाही. परांजपे पुढे १९५२ च्या पहिल्या लोकसभेत बीडमधून निवडून गेले. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचे राज्य संपले, त्यानंतर मोमिनाबादचे अंबाजोगाई झाले, शाळेच्या जोडीला महाविद्यालये आली, आणि खोलेश्वराच्या नावाने दुसऱ्या संस्थेचीही शाळा निघाली. खोलेश्वर हा यादव राजा सिंघणाचा सेनापती. त्याचे देऊळ आणि शिलालेख गावात आहेत. म्हणजे इथे एक शाळा देवीच्या नावाने आणि दुसरी सेनापतीच्या.

१९७२ मध्ये स्वामीजी गेले. १९७४ मध्ये त्यांच्या नावाने इथे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. आशियातले असे पहिले, असे इथे अभिमानाने सांगितले जाते. १९८३ मध्ये व्यंकटेश माडगूळकरांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलनही इथेच भरले. जिल्हा व्हावा ही मागणी मात्र पडूनच आहे. तोवर गाव एम-एच ४४ या स्वतंत्र पाटीवर समाधान मानते. बीडची गाडी २३, आमची ४४, हे इथला माणूस न विचारता सांगतो.

संस्थेची खरी कसोटी दिवाळीनंतर, ऊसतोडीच्या हंगामात, सुरू होते. दसऱ्याच्या आधीपासून बाजारात ताडपत्री, घमेली, पत्र्याच्या पेट्या, कोयत्यांच्या मुठी यांची विक्री वाढते. मुकादमाने उचल दिलेली असते. नवराबायको मिळून एक कोयता, माणूस एकटा असला तर अर्धा कोयता, अशी मोजणी होते, टोळी ट्रकमध्ये बसते आणि पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघते. पेट्यांच्या आणि भांड्यांच्या मधे मुलेही बसतात. वर्गातली हजेरी खाली येते. आईबाप साखर कारखान्यावर असताना मुलाने गावातच राहावे म्हणून हंगामी वसतिगृहाची योजना आहे, पण आजी किंवा चुलता मागे असेल तरच मूल मागे राहते. शिवाय मुलगी जरा मोठी झाली की तिला एकटी ठेवायला आई धजत नाही. जी पेठ खेड्यातल्या मुलाला शाळेपर्यंत घेऊन आली, त्याच पेठेतून ताडपत्री विकत घेऊन त्याचे घर सहा महिन्यांसाठी हलते.

दुसरी ओढ लातूरची. हुशार आणि ज्याच्या घरी चार पैसे आहेत असा मुलगा दहावीनंतर शिकवणी वर्गांसाठी तिकडे जातो. अंबाजोगाईच्या संस्थांकडे उरतात ती बहुतेक घाटाखालच्या आणि वरच्या वाड्यावस्त्यांची मुले, रोज एसटीने ये-जा करणारी. स्वामीजी हिप्परग्याहून इथे आले ते अशाच मुलांसाठी, त्यामुळे संस्थेने याचे वाईट वाटून घ्यायचे कारण नाही. संध्याकाळची शेवटची गाडी आणि शेवटचा तास यांचा मेळ बसवून द्यावा, वेळापत्रकाचे एवढे काम मात्र तातडीचे आहे.