ब्रायरची गाठ आणि पाइपचा घाट

पाइप म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? एखादा गोरा साहेब, आरामखुर्ची आणि धुराची निळसर रेघ. तो पाइप कोणी घडवला, कशाचा घडवला आणि त्याला तोच घाट का आला, हे सहसा कोणी विचारीत नाही. तंबाखूची वकिली करायला मी येथे बसलेलो नाही. तिने माणसाचे काय नुकसान होते ते डॉक्टरांनी केव्हाच दाखवून दिले आहे, आणि पाइप ओढणारा त्यातून सुटत नाही. मला सांगायची आहे ती लाकडाची आणि कारागिराची गोष्ट.

उत्तरेत तंबाखू पोचली ती आपल्या दख्खनमधून. अकबराचा वकील असद बेग याने १६०४ च्या सुमारास ती विजापूरहून नेऊन बादशहापुढे ठेवली. पुढे आपल्याकडे मातीची चिलीम आली, हुक्का आला. युरोपातही सामान्य माणसाचा पाइप मातीचाच होता. स्वस्त खरा, पण हाताला चटका देणारा आणि पडला की तुकडे. श्रीमंत लोक मीरशॉम नावाच्या मऊ पांढऱ्या खनिजाचे कोरीव पाइप वापरीत. हे खनिज तुर्कस्तानात एस्कीशेहिरजवळ सापडते, तेही नाजूकच. मग लाकूड का नको? कारण उघड आहे. ज्यात विस्तव ठेवायचा ती वाटीच जळू लागली तर काय करायचे?

याचे उत्तर भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपात सापडले. फ्रेंच भाषेत त्याला ब्रुयेर म्हणतात. इंग्रजांनी त्याचे ब्रायर केले. कॉर्सिका, इटलीतला कॅलाब्रिया, अल्जीरिया अशा कोरड्या मुलखात ते वाढते. त्याच्या खोडाच्या आणि मुळांच्या मध्ये जमिनीत एक मोठी गाठ धरते. वणव्यात वरचे झुडूप जळून गेले, तरी याच गाठीतून पुन्हा धुमारे फुटतात. म्हणजे आगीतून तगण्यासाठी झुडपाने जी शिदोरी सांभाळून ठेवली, तीच माणसाने विस्तव ठेवायला उचलली!

पण गाठ खणून काढली आणि लगेच पाइप केला, असे होत नाही. आधी ती ओलसर ठेवावी लागते, नाहीतर तडकते. मग करवतीने ठोकळे पाडायचे, ते तासन्‌तास पाण्यात उकळून आतला कडू रस काढायचा आणि पुढे कित्येक महिने सावलीत सुकवायचे. इतके करूनही आत काय दडले आहे ते कळत नाही. वाढता वाढता गाठीने पोटात घेतलेली वाळू, खडा, एखादी बारीक पोकळी. ठोकळा वरून अगदी स्वच्छ दिसतो आणि घासता घासता शेवटच्या हातात काळा डाग वर येतो. पाइपच्या घडणीचा पुढचा सारा इतिहास या डागाभोवती फिरतो, असे माझे मत आहे.

फ्रान्समध्ये ज्यूरा पर्वतात सँ-क्लोद नावाचे गाव आहे. तेथल्या संताच्या दर्शनाला यात्रेकरू येत, आणि गावातले कातारी त्यांच्यासाठी लाकडी जपमाळा कातीत. आपल्या सावंतवाडीच्या कातकामाची आठवण व्हावी, असेच हे गाव. १८५० नंतरच्या दशकात तेथे ब्रायर आले. कोणी म्हणतात, नेपोलियनचे जन्मस्थान पाहायला कॉर्सिकात गेलेल्या एका गृहस्थाचा पाइप फुटला आणि तिथल्या शेतकऱ्याने त्याला ब्रायरचा करून दिला. ही दंतकथाच समजावी. खरे एवढे, की हात आधीच तयार होते, नदीच्या पाण्यावर चाके फिरत होती आणि पाहता पाहता सँ-क्लोद जगाला पाइप पुरवू लागले.

येथे कामाची वाटणी झाली. एकाने वाटी कोरायची, दुसऱ्याने दांड्याला भोक पाडायचे, तिसऱ्याने घासायचे. आकार ठरलेले, यंत्राच्या मापात बसणारे. आधी भोके, मग बाहेरचा घाट. डाग निघाला तर लांबी भरायची, वर गडद रंग द्यायचा आणि माल कमी भावाने विकायचा.

सुधारणा झाल्या त्या प्रथम आतल्या अंगाने. डब्लिनमध्ये चार्ल्स पीटरसन याने १८९० साली एक पेटंट घेतले. दांड्यात धुराच्या वाटेखाली त्याने एक छोटी विहीरच खणली, म्हणजे धुरातला ओलावा तेथे साचावा आणि तोंडात येऊ नये. आपल्या हुक्क्याने धूर पाण्यातून नेला. पीटरसनने धुरातले पाणी बाजूला काढले. १८९८ मध्ये त्याने तोंडाकडचे छिद्र वरच्या बाजूला वळवले, त्यामुळे धुराचा झोत जिभेवर न येता टाळूकडे जातो. लंडनच्या आल्फ्रेड डनहिलने १९१७ साली वेगळीच तोड काढली. ब्रायरवर त्याने वाळूचा जोराचा मारा केला. मऊ भाग झडला, कठीण कडी उठून राहिली आणि शिंपल्यासारखा खडबडीत पाइप निघाला. ज्या लाकडाचा गुळगुळीत पाइप शोभला नसता, त्याचाही आता मान वाढला.

खरी उलथापालथ केली ती कोपनहेगनमध्ये, मूळच्या स्वीडनच्या सिक्स्टेन इवारसनने. जन्म १९१०, मृत्यू २००१. सुरुवात पाइप-दुरुस्तीच्या कामातून. मोडके पाइप हाताळणाऱ्याला, पाइप कुठे चुकतो ते जितके कळते तितके कारखानदाराला कळत नाही! त्याने क्रमच फिरवला. आधी ठोकळा पाहायचा, रेषा कुठून कुठे धावतात ते ओळखायचे, त्यांना धरून चक्रावर बाहेरचा घाट काढायचा आणि भोके मागाहून पाडायची. डाग दिसला तर वाटी थोडी कलती करायची, दांडा थोडा वळवायचा. बाहेरून हवे तसे वळण, पण आतली शिस्त तीच: नळीचे साधारण ४ मिलिमीटरचे छिद्र वाटीच्या तळाशी, बरोबर मध्यावरच उघडले पाहिजे. ते जरा वर गेले तर तळाला ओली तंबाखू राहते.

त्याचे आकार डेन्मार्कच्या स्टॅनवेल कंपनीने कारखान्यातही घेतले आणि त्याच्या हाताखाली शिकायला लोक थेट जपानहून आले. सँ-क्लोदमध्ये आज थोड्याच कार्यशाळा उरल्या आहेत. हाताने पाइप करणारे आजही चक्राशी बसतात, ते लाकूड ओले करून पुन्हा पुन्हा उजेडात धरून पाहतात. ओल्या लाकडात रेषा स्पष्ट दिसतात. आणि चार तासांच्या मेहनतीनंतर एखादी भेग खोल आत जाताना दिसली, तर ठोकळा निमूटपणे जळणाच्या टोपलीत टाकतात आणि दुसरा उचलतात.