इंजिनावरचा पत्रा आणि त्याचा रंग

कोरेगाव भीमाहून नगर रस्त्यानं सणसवाडी, शिक्रापूरकडे निघालं की दोन्ही हातांना कारखाने लागतात आणि मधल्या जागांत डेंटिंग-पेंटिंगची गॅरेजं. या गॅरेजांत अलीकडे एक पाहुणी मला वरचेवर दिसते. पत्र्याच्या अंगाची, जुनी बजाज स्कूटर. आणणारा बहुधा मूळ मालकाचा मुलगा किंवा नातू असतो. रंगाऱ्याशी त्याची पहिली चर्चा होते ती इंजिनावरच्या त्या फुगीर कव्हराची. चकचकीत करायचं, मंद ठेवायचं, की सरळ पावडर कोटिंगला टाकायचं?

प्रश्न किरकोळ वाटतो, पण तो पत्रा तिथं आला कसा हे आधी पाहायला हवं. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा इटलीतल्या पियाज्जिओ या विमानं बनवणाऱ्या कंपनीपुढं आता बनवायचं काय, हा पेच होता. कोरादिनो दास्कानियो या विमानांच्या अभियंत्यानं १९४६मध्ये व्हेस्पा दिली. मोटारसायकल त्याला मुळीच आवडत नसे. तेल उडतं, कपडे खराब होतात, बसायला पाय टाकून चढावं लागतं. त्यानं इंजिन मागच्या चाकाजवळ नेलं आणि पत्र्याखाली झाकून टाकलं. म्हणजे हे कव्हर जन्माला आलं ते कपडे वाचवण्यासाठी. आपल्याकडे ही स्कूटर धोतराला आणि नऊवारीला चालली, त्यात या पत्र्याचा वाटा मोठा आहे.

बजाज मंडळींनी १९४८पासून व्हेस्पा आयात केल्या. पुढं परवाना मिळाला, आकुर्डीत स्कूटर बनू लागल्या. इटालियन कंपनीशी असलेला करार १९७१मध्ये संपला आणि १९७२मध्ये राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव घेऊन चेतक आली. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहिलेली माणसं आजही घरोघर भेटतील. अशी गाडी दारात आल्यावर तिचा रंग जपला जाई, आणि नेमकं उजव्या बाजूचं कव्हरच आधी खराब होई. कारण साधं आहे. टू-स्ट्रोक इंजिन, पेट्रोलमध्ये तेल मिसळायचं, प्लगवर काजळी धरायची. गाडी अडली की कव्हर काढायचं, रस्त्यावर ठेवायचं, प्लग पुसायचा. कडांचा रंग उडायला एवढं पुरे होतं.

आता रंगाविषयी. सुरुवातीच्या मोटारींना घोडागाड्यांसारखी वॉर्निशं चढत आणि ती वाळायला आठवडे लागत. फोर्डची मॉडेल टी १९१४ ते १९२५ फक्त काळ्या रंगात निघाली, तो काळा डांबराच्या जातीचा, भट्टीत भाजलेला. १९२३-२४च्या सुमारास अमेरिकेत ड्यूको नावाचा नायट्रोसेल्युलोज रंग आला आणि आठवड्यांचं काम दिवसांवर आलं. हे नाव आपल्या गॅरेजांत असं रुजलं, की गाडीचा कुठलाही फवारलेला रंग म्हणजे ‘डुको’! हा रंग वाळतो तो नुसता थिनर उडून, म्हणून भट्टी लागत नाही. रबर आणि वायरिंग न काढता रस्त्याकडेच्या शेडमध्ये गाडी रंगवायची तर त्याच्याइतकी सोय दुसरी नव्हती. पातळ हात द्यायचे, पाणीपेपर मारायचा, शेवटी पॉलिश. पण थिनरनं वाळलेला रंग थिनरनंच पुन्हा विरघळतो, आणि त्याची चकाकी कष्टानं टिकवावी लागते.

आजचा दोन डब्यांचा पॉलियुरेथेन रंग हार्डनरनं घट्ट होतो. पेट्रोल सांडलं तरी तो दाद देत नाही. मात्र त्या हार्डनरची वाफ फुप्फुसांना फार वाईट, तोंडाला रुमाल बांधून तो मारणारी पोरं मी पाहतो आणि मला ते सहन होत नाही. पावडर कोटिंग त्याहून टणक, पण भट्टी साधारण १८० ते २०० अंशांची. पत्र्यात जुनी लांबी भरलेली असेल तर ती तिथं टिकत नाही. शिवाय थर जाड बसतो, दाबून काढलेल्या पत्र्याच्या बारीक कडा बुजतात.

मंद, म्हणजे मॅट रंगाची हौस हल्ली वाढली आहे. त्याला इतिहास आहे, पण तो स्कूटरचा नाही. लष्करी जीपचं बॉनेट मंद असतं ते उन्हात चमकून जागा उघडी पडू नये म्हणून. १९७२ची माँटे कार्लो रॅली जिंकणाऱ्या लान्सिया फुल्वियाचं बॉनेट काळं मंद होतं, कारण चालकाच्या डोळ्यांवर तिरीप येऊ नये. स्कूटरच्या चालकाला मागचं कव्हर दिसतच नाही! वर मॅट रंगाला पॉलिश करता येत नाही, तेलकट बोट उमटलं की उमटलंच. काळं कव्हर इंजिन थंड ठेवतं असंही ऐकू येतं. त्यात तथ्य नाही. उष्णता बाहेर टाकण्यात पांढरा आणि काळा रंग जवळपास सारखेच, ऊन मात्र काळा जास्त पितो. आणि चेतकचं इंजिन थंड होतं ते फ्लायव्हीलच्या पंख्यानं.

जुलै २०२१च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या, मोठे फेरफार न केलेल्या गाड्यांना व्हिंटेज नोंदणी दिली. पहिल्या चेतक आता त्या वयात आल्या आहेत. ‘मूळ रूप’ म्हणजे काय, हे आता केवळ हौसेवर राहिलं नाही.

माझ्या ओळखीच्या एका घरात अशी स्कूटर निघाली. बाहेरून गडद हिरवी, ब्रशनं फासलेली. वडिलांनी शेतीच्या अवजारांसाठी आणलेला रंग उरला, तो तिला लावला होता. मुलाला ती सगळी खरवडून टाकायची होती. मी त्याला कव्हर काढून उलटं धरायला सांगितलं. आत, जिथं ऊन कधी पोचलं नाही, तिथं कारखान्यातला फिकट निळा शाबूत होता. मंद नाही, आरशासारखाही नाही, साध्या इनॅमलची बेताची चकाकी. मग प्रश्न अवघड झाला. मूळ रंग कंपनीचा, पण हिरवा वडिलांच्या हातचा. इतिहास कुणाचा धरायचा?

त्याची आई म्हणाली, ‘‘ती हिरवीच होती रे, तू शाळेत जायचास तेव्हा.’’

शेवटी अंग निळं झालं, आतल्या रंगाशी ताडून, चकाकी तेवढीच ठेवून. डाव्या डिकीच्या झाकणावरचा हिरवा मात्र तसाच आहे, ब्रशच्या रेघांसकट. आणि इंजिनाच्या कव्हराच्या आतल्या बाजूला कुणी पेपर लावलेला नाही.