अंग आखडते का?

वजने उचलली की दंड भरतात, पण अंग आखडते आणि चपळाई जाते, असा समज खेळाच्या मैदानावर अनेक वर्षे पक्का होता. त्यामुळे सांघिक खेळ खेळणाऱ्या मुलांना वजनांपासून दूरच ठेवले जाई. हा समज तपासला कसा गेला, याचा इतिहास शिक्षकांनी जरूर पाहावा असा आहे.

अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड कॉलेज हे शारीरिक शिक्षणाचे नावाजलेले केंद्र. बास्केटबॉलचा जन्म १८९१ मध्ये तिथेच झाला. तिथले शरीरक्रियाशास्त्रज्ञ पीटर कार्पोविच यांचाही या समजावर विश्वास होता. १९४० मध्ये कॉलेजात वजन उचलण्याचे प्रात्यक्षिक झाले. त्यात १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये उतरलेले जॉन ग्रिमेक होते. कार्पोविच यांनी त्यांना दोन खांद्यांच्या मधोमध पाठ खाजवून दाखवायला सांगितले. पीळदार ग्रिमेकनी ती सहज खाजवली!

समजाला तडा गेला. पण एक माणूस अपवादही असू शकतो. दरम्यान १९४५ मध्ये थॉमस डीलॉर्म या लष्करी डॉक्टरांनी जखमी सैनिकांच्या दुबळ्या स्नायूंना क्रमाक्रमाने वाढत्या वजनांचा व्यायाम देऊन बळ आणल्याचे प्रसिद्ध केले. ज्या व्यायामाची मैदानाला भीती वाटत होती, तो रुग्णालयात उपचार ठरला.

१९५१ मध्ये कार्पोविच आणि झोर्बस यांनी मोजमापच केले. वजने उचलणारे ३०० आणि न उचलणारे ३०० पुरुष घेऊन, हाताने दांडा फिरवायला किती वेळ लागतो ते पाहिले. वजने उचलणारेच अधिक वेगवान निघाले. स्वतःचे मत स्वतःच्याच प्रयोगाने बदलणारा शास्त्रज्ञ इथे दिसतो. तरी एक शंका उरते. मुळात चपळ असलेली माणसेच वजनांकडे वळत असतील तर?

या शंकेवर उपाय म्हणजे कोणी व्यायाम करायचा हे चिठ्ठ्या टाकून ठरवणे. डेन्मार्कमध्ये फुटबॉलच्या ५० संघांतील ९४२ खेळाडूंवर असा प्रयोग झाला. निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्या संघांनी नेहमीच्या सरावाला एका व्यायामाची जोड दिली. गुडघ्यांवर उभे राहायचे, जोडीदाराने घोटे धरायचे आणि धड सरळ ठेवून जमेल तितके सावकाश पुढे झुकायचे. वजन नाही, यंत्र नाही. भार फक्त स्वतःच्या शरीराचा. यात मांडीमागचे स्नायू ताणले जात असतानाच जोर लावतात. वेगाने धावताना, पाय पुढे टाकण्याच्या अखेरीस, त्यांना हेच करावे लागते आणि बहुधा तेव्हाच ते दुखावतात. एका हंगामात व्यायाम न करणाऱ्या ४८१ जणांत अशा ५२ दुखापती झाल्या. व्यायाम करणाऱ्या ४६१ जणांत फक्त १५.

एक माणूस, मग दोन गट, मग चिठ्ठ्या टाकून पाडलेले गट: पुराव्याच्या या तीन पायऱ्या चढायला सत्तर वर्षे लागली. तोवर बळाला घाबरून किती खेळाडू दुबळ्या स्नायूंनिशी मैदानात उतरले असतील! आपल्या कबड्डी-खोखोच्या मुलांच्या कानावरही असे समज पडतात. त्यातला एखादा फळ्यावर लिहावा आणि वर्गाला विचारावे, तो यातल्या कोणत्या पायरीवर उभा आहे?