बाणाची खाच आणि लाकडाची फूट

बाणाच्या मागच्या टोकाला दोरीसाठी कापलेली खाच दिसायला लहान. पण हाताने घडवलेल्या लाकडी बाणाला फुटण्याचा धोका सर्वांत जास्त इथेच. काडीतले तंतू लांबीच्या दिशेने धावतात. त्या दिशेचा दाब लाकूड उत्तम सोसते, पण तंतूंना एकमेकांपासून अलग करणारा जोर त्याला फारसा सोसवत नाही. बाण सुटताना दोरी खाचेच्या तळाला ढकलते आणि पाचरीप्रमाणे दोन्ही ओठ फाकवू पाहते. खाचेची सारी विद्या ही फूट अडवण्याची आहे.

पहिला विचार दिशेचा. पाइनसारख्या लाकडात वाढीची वलये ठळक असतात आणि त्यांतले मऊ थर कमजोर असतात. खाच वलयांना समांतर कापली, तर तिचा तळ एखाद्या मऊ थरावरच येतो आणि चीर त्याच थरातून धावते. म्हणून खाच वलयांना काटकोनात घ्यावी. शिवाय तळ गोलसर हवा. चौकोनी कोपऱ्यात ताण एकवटतो आणि चिरेची सुरुवात तिथूनच होते. करवतीने फट पाडल्यावर बारीक गोल कानस फिरवायचा आळस करू नये.

जोरदार धनुष्याला एवढ्याने भागत नाही. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याचे ‘मेरी रोज’ हे जहाज 1545 साली पोर्ट्समथजवळ बुडाले. 1982 साली त्याचा सांगाडा वर काढला. त्यातल्या हजारो बाणांपैकी बरेचसे पॉप्लरचे आहेत, म्हणजे हलक्या, मऊ लाकडाचे. सोबतची धनुष्ये ओढायला बहुतांशी 45 किलोंहून अधिक जोर लागत असावा, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. हा मेळ बसला तो शिंगाच्या पातळ पट्टीमुळे. काडीच्या टोकात आधी सुमारे 5 सेंटिमीटर खोल, अरुंद फट पाडायची, तीत शिंगाची निमुळती पट्टी सरसाने चिकटवायची आणि सरस वाळल्यावर पट्टीच्या काटकोनात दोरीची खाच कापायची. दोरी आता शिंगावर टेकते. खाचेच्या तळातून चीर निघाली, तरी तिच्या वाटेत शिंग आडवे येते. ते तुटल्याखेरीज लाकूड दुभंगत नाही. समुद्रात पुष्कळ बाणांमधले शिंग नष्ट झाले, पण त्याच्या फटी लाकडात राहिल्या आणि त्यांवरूनच ही रीत उलगडली. कच्च्या लाकडाला असा नेमका आधार देणाऱ्या कारागिरांची समज मला विलक्षण वाटते.

शिंग नसेल, तर खाचेच्या तळाखाली दोऱ्याचे घट्ट वेढे देऊन त्यांवर सरस चढवावा. चीर सुरू होण्याचे त्याने थांबत नाही, पण ती खाली पसरत नाही. बांबूच्या बाणात पेरच हे काम करते, म्हणून खाच पेराच्या किंचित वर घेतात.

राहिली रुंदी. खाच घट्ट झाली, तर दोरी ओठांवर सतत जोर देते आणि बाण सुटतानाही अडखळतो. फार सैल झाली, तर बाण दोरीवरून निसटतो आणि मोकळ्या सुटलेल्या दोरीचा हिसका धनुष्यालाच बसतो. दोरीला लटकवलेला बाण स्वतःहून पडू नये आणि दोरीवर बोटाने हलकी टिचकी मारताच सुटावा, इतपतच पकड ठेवावी.