चंद्रप्रवास, मराठी विज्ञानकथेतील

अंतराळप्रवासाच्या कल्पित कथा मराठीत प्रथम आल्या त्या अनुवादरूपाने. ‘केरळकोकिळ’ मासिकात १९०० ते १९०६ या काळात क्रमशः छापलेली ‘चंद्रलोकची सफर’ ही त्यांतील आद्य. ज्यूल व्हर्नच्या १८६५ च्या कादंबरीचा हा अनुवाद कृष्णाजी नारायण आठल्ये यांचा. मासिक सुरू झाले ते कोचीनहून. चंद्र मराठी घरात आला तो असा दूरच्या वाटेने.

व्हर्नपूर्वीचे प्रवासी चंद्रावर जात ते केप्लरसारखे स्वप्नात (१६३४), नाहीतर गॉडविनच्या नायकासारखे पाखरांच्या बळावर (१६३८). व्हर्नने मात्र हिशेब मांडला: जमिनीत उभी पुरलेली ९०० फुटी तोफ, अॅल्युमिनियमचा पोकळ गोळा, आत तीन माणसे, वेग सेकंदाला सुमारे ११ किलोमीटर. वेग अचूक आहे. पण एवढ्या लांबीत तो गाठायचा तर प्रवाशांवर गुरुत्वाच्या किमान २२ हजार पट भार पडेल. व्हर्नने गोळ्याच्या तळाशी पाण्याची गादी घातली, तिचा काडीचा उपयोग झाला नसता.

तोफेची जागा २८ अंश अक्षांशाच्या आत हवी, कारण चंद्र माथ्यावर येतो तो तिथेच, अशीही अट व्हर्नच्या कादंबरीत होती. म्हणून फ्लोरिडा. डहाणू-तलासरी साधारण २० अंशांवर; अट येथेही पुरी होते. पॅरिसकराला चंद्र कधीच माथ्यावर दिसत नाही, डहाणूकराला बहुतेक वर्षी दिसतो. याच मुलखात वारली बाया लग्नाचा चौक लिहिताना त्यात सूर्य-चंद्र काढतात. तो चंद्र लग्नाला हजर असतो, त्याच्याकडे कोणी निघत नाही.

मालिका चालू असतानाच तोफ जुनी झाली. वेल्सने १९०१ मध्ये गुरुत्व अडवणारा पदार्थ कल्पिला; १९०३ मध्ये त्सिओल्कोव्हस्कीने रॉकेटचे गणित छापले. मराठी वाचकाच्या हाती मात्र तोफच राहिली. पुढे भा. रा. भागवतांनीही ‘चंद्रावर स्वारी’त व्हर्नलाच मुलांपर्यंत नेले, आणि ते फार गोडीने.

मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने आलेल्या ‘कृष्णविवर’ला पहिले बक्षीस मिळाले. लेखक होते जयंत नारळीकर. तिथे यानाचे नवल उरले नाही. प्रवाशाचा काळ आणि घरच्यांचा काळ यांतील तफावत हाच कथेचा विषय झाला. मराठी अंतराळकथेचा स्वतंत्र आरंभ १९०० ऐवजी येथून मोजणे अधिक न्याय्य.