छातीतले ऐकणे आणि पाहणे

श्रोतेहो, 1918 सालची मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएन्झाची साथ, तुम्ही वडीलधाऱ्यांकडून ऐकली असेल. छाती भरली आहे का, हे तेव्हा डॉक्टर कानाला नळी लावून ठरवीत. ती नळी फ्रान्सच्या लाएनेक यांची. 1816 साली त्यांनी कागदाची गुंडाळी करून रुग्णाची छाती ऐकली.

सोनोग्राफीचा ध्वनी हवेत अडतो. मग हवेने भरलेले फुप्फुस तिला काय दिसणार? पण फ्रान्सच्याच डॅनियल लिश्टेनस्टाइन यांनी 1990 नंतर दाखवले, की निरोगी फुप्फुसात आडव्या रेघा दिसतात आणि कडेला पाणी झिरपले, की उभ्या, धूमकेतूच्या शेपटीसारख्या. मार्च 2020 मध्ये करोना पुण्यात आला, आणि जगभर या रेघांना मोल आले. खाट हलवायला नको, क्ष-किरण नकोत! मात्र विषाणू कोणता, हे त्या सांगत नाहीत. हृदयविकारातही त्या उमटतात.

मग हे यंत्र पिशवीत घालून वेल्ह्याहून पासलीला का नेत नाहीत? कारण तेच यंत्र गर्भही दाखवते. मुलींचे गर्भ पाडले जाऊ लागले, म्हणून महाराष्ट्राने 1988 साली, देशात सर्वांत आधी, कायदा केला. 1994 साली केंद्राने. यंत्राची नोंदणी हवी, फिरत्या यंत्रावर कडक बंधने. ती सैल करावीत, असे मला वाटत नाही. फक्त छातीच पाहील असे यंत्र निघाले, तर गोष्ट वेगळी.

तोवर, गुरुजी, घड्याळ हाताशी ठेवा. खोकणारे एक ते पाच वर्षांचे मूल मिनिटाला 40 किंवा अधिक श्वास घेत असेल, तर त्याला लगेच दवाखान्यात न्यायला सांगा.